तीन लाइफचा हिशेब

व्हिडिओ गेमचे नाव निघाले की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. वेळ वाया जातो, डोळे बिघडतात, ही तक्रार रास्तच आहे. परंतु व्यापाऱ्याने कोणत्याही मालाची पारख केवळ तक्रारीवरून करू नये. या खेळांतील अवघडपणा कसा बदलत गेला आणि त्याची किंमत कोण मोजतो, एवढाच हिशेब येथे मांडतो.

माझी पिढी ‘मारिओ’वर वाढली. जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ मध्ये आणला. अंबाजोगाईत आमच्या घरी तो काही वर्षांनी, टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली यंत्रातून पोहोचला. आठ ‘वर्ल्ड’, प्रत्येकात चार टप्पे आणि सुरुवातीला हाती तीन ‘लाइफ’. त्या संपल्या की आम्ही पुन्हा पहिल्या टप्प्यावर. खेळ मध्येच राखून ठेवण्याची सोय नव्हती. त्यात मराठवाड्याची वीज! सातव्या वर्ल्डमध्ये पोहोचावे आणि दिवे जावेत, हे नित्याचेच.

ही कठोरता आली कोठून? त्या आधीचे खेळ नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर होते. खेळणारा लवकर हरला तरच दुसरे नाणे पडे. पुढे खेळ घरी आले, पण जागा तुटपुंजी होती. मारिओचा तो संपूर्ण खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत बसवलेला होता. थोडा माल पुष्कळ दिवस पुरवायचा, तर वाट अवघड ठेवणे भाग होते.

त्याच मालिकेचे नवे भाग माझा मुलगा खेळतो. २००९ च्या भागात एकाच टप्प्यावर आठ वेळा हरल्यास हिरवा ठोकळा दिसू लागला; तो घेतला की खेळ स्वतःच वाट चालून दाखवी. २०१७ च्या ‘ओडिसी’त तर मोजक्या लाइफची पद्धतच गेली. पडलात तर दहा नाणी वजा, इतकेच. शेवटचे टप्पे मात्र आजही घाम फोडतात. म्हणजे पडणे स्वस्त झाले, चढण तशीच राहिली.

मोबाइलवरील गोष्ट निराळी. २०१२ च्या ‘कँडी क्रश सागा’त पाच लाइफ मिळतात. त्या संपल्या की एकेका लाइफसाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे मोजा. नाण्याचे यंत्र पुन्हा आले, आणि आता ते खिशात आले. मुलांच्या हाती कोणता खेळ आहे, हे आपण याच कसोटीवर पाहावे: अवघडपणातून मूल काही शिकते, की त्यातून सुटण्यासाठी गल्ला भरते?

हा विचार मला दुकानात उपयोगी पडला. आमचे भाऊ, म्हणजे माझे वडील, रोकडमेळ एका रुपयाने चुकला तरी सारे पान पुन्हा वरपासून तपासायला लावीत. १९७२ च्या दुष्काळातून त्यांनी दुकान तारले होते. भांडवल इतके अपुरे, की एक चूकही परवडणारी नव्हती. त्यांची शिस्त त्या टंचाईतून आली होती.

गेल्या दिवाळीपासून मुलगा दुकानात बसतो. त्याला तयार कपड्यांचा विभाग काढायचा होता. मी टाळत होतो. एके रात्री तो म्हणाला, “पप्पा, दहा नाणी जातील इतके तरी मला पडू द्या.”

मी त्याला एक रॅक दिला, ठरावीक रक्कम दिली आणि वेगळे खाते उघडून दिले. त्या रकमेपुरता तोटा त्याचा. उधारी देण्याचा अधिकार मात्र माझ्याकडेच ठेवला. कारण बाजारात गेलेली पत पुन्हा मिळवायला ठोकळा नाही.

त्याचे खाते अद्याप तोट्यात आहे. पण कोणता माल पडून राहिला आणि का, हे तो रोज दुकान वाढवताना स्वतःच्या वहीत लिहून ठेवतो.