दप्तर नवे, पण रकाने कोणाचे?

संगणकाला जात नसते, असे आपल्या शिकलेल्या तरुणांकडून आम्ही नेहमी ऐकतो. यंत्राला जात नसते हे खरेच. पण यंत्रात काय नोंदवायचे आणि काय सोडून द्यायचे हे माणूस ठरवतो, आणि आपल्या देशातल्या माणसाला जात असते. कपड्यांच्या मोठ्या दुकानांत आणि फॅशनच्या धंद्यात गेल्या काही दशकांत ईआरपी नावाची संगणकप्रणाली शिरली आहे. आंबेडकरी कार्यकर्त्यांनी तिच्याकडे या नजरेने पाहिले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

ईआरपी म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, विक्री आणि हिशेब यांची एकच सामाईक वही. दुकानात साडीचा बारकोड वाचला गेला की त्याच क्षणी साठ्यातून एक नग वजा होतो, हिशेबात रक्कम जमा होते आणि कोणता माल पुन्हा मागवायचा तेही प्रणाली सुचवते. फॅशनवाल्यांना तिची गरज मोठी. एका कुर्त्याचे पाच रंग आणि सहा मापे म्हटली की तीस वेगळ्या वस्तू झाल्या, आणि हंगाम सरला की उरलेला माल निम्म्या भावाने काढावा लागतो. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी लागू झाल्यावर तालुक्याच्या गावातल्या व्यापाऱ्यालाही खरेदी-विक्रीचा हिशेब संगणकावर आणावा लागला. त्यामुळे ही गोष्ट आता फक्त मुंबई-पुण्याच्या मॉलची राहिलेली नाही.

ती आमच्या भंडारा जिल्ह्यातही पोचली आहे. मोहाडी तालुक्यातले आंधळगाव हे कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, हातमाग कापडासाठी ओळखले जाते. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर किडे पाळून कोष काढणारे बहुतेक ढिवर समाजाचे. मागावर बसणारे मुख्यतः कोष्टी. कोषातून धागा काढणे, कांड्या भरणे ही कामे घराघरातल्या बायांची. विदर्भाच्या करवती काठाच्या साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी येते, म्हणून ती करवती. एवढ्या हातांतून गेलेले कापड मोठ्या दुकानाच्या प्रणालीत शिरते तेव्हा त्यातले किती हात नोंदले जातात?

कामाच्या निमित्ताने एका व्यापाऱ्याच्या पडद्यावर आम्ही ही नोंद पाहिली. विणकराला सूत द्यायचे आणि मजुरीवर कापड विणून घ्यायचे, अशी इथली जुनी रीत. पडद्यावर विणकराच्या नावापुढे त्याच्याकडे किती सूत गेले, किती कापड आले, किती सूत अजून येणे आहे हे ग्रॅमपर्यंत लिहिलेले होते. ताणा लावायला किती दिवस गेले, कांड्या कोणी भरल्या, मजुरी कधी मिळाली, यासाठी रकानाच नव्हता. आणि तेच कापड पुढे मोठ्या दुकानाच्या प्रणालीत गेले की विणकराचे नावही गळते. तिथे पुरवठादार म्हणून क्रमांक मिळतो तो व्यापाऱ्याला. म्हणजे विणकर या वहीत येतो तो सुताचा देणेकरी म्हणून. कापडाचा कर्ता म्हणून तो कुठेच येत नाही.

ही तऱ्हा आपल्याला नवी आहे का? गावगाड्यात महार सरकारी वसुलीची रक्कम वाहून नेत असे, निरोप पोचवत असे, शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष घेतली जात असे. गावाची अर्धी माहिती त्याच्या डोक्यात होती. पण दप्तर कुळकर्ण्याकडे. राबणारा एक आणि नोंद ठेवणारा दुसरा, म्हणून राबणाऱ्याच्या कष्टाचा भाव नेहमी दुसऱ्यानेच ठरवला. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक आणले, ते हीच व्यवस्था बदलण्यासाठी.

आधुनिक यंत्र आले म्हणून ही घडी आपोआप मोडत नाही, याचा पुरावाही कापडातच आहे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे, आणि त्याचा विटाळ स्पृश्य विणकरांना नको होता. जास्त मजुरी याच खात्यात मिळे. यंत्रमाग विलायती, आणि विटाळ मात्र अस्सल देशी! 1928 च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठासून मांडला.

मग ही संगणकप्रणाली फेकून द्यायची का? आमचे काही मित्र तसेच म्हणतात. भांडवलदारांचे हत्यार, आपल्याला त्याच्याशी काय करायचे? आम्हाला हे पटत नाही. 1945 च्या आपल्या ग्रंथात गांधीवादाचा समाचार घेताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली आहे. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे, आणि यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत मिळणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. टसरचा धागा बाया पिढ्यान्‌पिढ्या उघड्या मांडीवर घासून काढत आल्या. केंद्रीय रेशीम मंडळाने ‘बुनियाद’ नावाचे यंत्र आणले ते ही पद्धत बंद व्हावी म्हणून. त्या यंत्राला विरोध कोण करील? ज्याची मांडी सोलवटली नाही तोच.

शिवाय चुकीच्या रकान्यांनी मालकाचेही भले होत नाही. नायकी या बलाढ्य कंपनीने मागणीचा अंदाज बांधणारी प्रणाली बसवली, आणि काही बूट गरजेपेक्षा जास्त तर काही फारच कमी तयार झाले. 2001 मध्ये सुमारे 10 कोटी डॉलरची विक्री हुकल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. हातमागाचेही तसेच आहे. प्रणालीला शंभर नग एकसारखे हवे असतात, आणि कोशाचा रंग मुळातच प्रत्येक लडीत थोडा वेगळा. ‘नैसर्गिक फरक मान्य’ असा रकाना नसेल तर उत्तम साडी सदोष ठरून परत येते. तोटा शेवटी मागावर बसलेल्याच्या मजुरीतून निघतो.

म्हणून आमचे म्हणणे सोपे आहे. प्रणाली घ्या, पण रकाने ठरवताना राबणाऱ्याला बसवा. कापडाच्या प्रत्येक नगामागे विणकराचे नाव असावे. धागा काढणे, कांड्या भरणे, ताणा लावणे यांची मजुरी वेगळी दिसावी. पैसे देण्याची मुदत दिसावी. 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघू उत्पादकाचे पैसे करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि 2023-24 या आर्थिक वर्षापासून मुदत चुकवणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च रक्कम चुकती करेपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. आपले कापड स्वतः विकणाऱ्या विणकर गटाने उद्यम नोंदणी केली तर हा हक्क त्याला मागता येतो. पण किती गटांना हे माहीत आहे?

आणि प्रणाली आपणच का चालवू नये? मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट मुक्तस्रोत आहे, त्याच्या परवान्याला पैसे पडत नाहीत. सर्व्हर आणि शिक्षणाचा खर्च येतो, तो एखादा गट किंवा सहकारी संस्था वाटून घेऊ शकते. त्यात आपल्याला हवा तो रकाना जोडता येतो. युरोपीय संघाने 2024 मध्ये केलेल्या कायद्याने वस्तूंच्या डिजिटल पासपोर्टची वाट खुली केली आहे, आणि कापड त्यात अग्रक्रमावर आहे. कापड कुठून आले हे उद्या जग विचारणार आहे. उत्तर आंधळगावच्या विणकराच्या नावानिशी द्यायचे, की ‘पुरवठादार क्रमांक अमुक’ एवढेच?

काही जण म्हणतील, माग कोष्ट्यांचा, कोष ढिवरांचा, मग यात आपले काय? मित्रहो, आपली मुलेही याच साखळीत आहेत. मॉलच्या कोठारात बारकोड चिकटवणारी, पडद्यासमोर बसून दिवसभर आकडे भरणारी पोरे कोणाच्या वस्तीतली आहेत, ते जरा पाहा. बी.कॉम., बी.ए. होऊन ती दुसऱ्याने आखलेले रकाने भरत आहेत. पूर्वी आपण दप्तर वाहत होतो, आता दप्तर भरत आहोत. हा फरक लहान नाही, पण पुरेसाही नाही.

डाटा एन्ट्रीचा कोर्स करणाऱ्या प्रत्येक तरुणाला आमचे सांगणे आहे: तिथे थांबू नका. प्रणाली कशी रचतात, वस्तूची मूळ नोंद कशी बनवतात, खर्च कसा मांडतात ते शिका. मग आपल्या जवळच्या एका विणकर गटाकडे, एका बचत गटाकडे जाऊन बसा आणि विचारा, तुमच्या कष्टातले काय या वहीत आलेले नाही? तिथून पहिला रकाना आखा.

जयभीम!