पाण्यांतली म्हैस

जुनी मोटार विकत घ्यावी असें आमच्या घरीं ठरलें, तें आईच्या गुडघ्यांमुळें. अंबाबाईचें दर्शन आणि महिन्याची डॉक्टरांची फेरी, दोन्ही रिक्षावाल्याच्या मर्जीवर अवलंबून राहूं लागलीं होतीं. पैसा अण्णांच्या निवृत्तीच्या ठेवींतला. एकदां फसलों तर दुसरी संधि नव्हती.

पाहावयास गेलों ती गाडी मोठी झोकदार होती. रंग झगझगीत, मीटरवरची धांव बेताची, आणि आंत अत्तराचा असा घमघमाट कीं लग्नमंडपांत शिरल्याचा भास व्हावा. आम्ही तर मनांतल्या मनांत तिला हारही घातला होता. सुदैवानें बरोबर उद्यमनगरांतले एक वृद्ध मिस्त्री होते. ते म्हणाले, "सायेब, येवढं अत्तर कशापायी मारलंय, ते आधी बघूया."

इंजिन थंड असतांनाच त्यांनीं तेलाची कांडी ओढून पाहिली. तेलांत पाणी मिसळलें कीं त्यास दुधाळ रंग येतो. तो नव्हता. मग गालिचाखालीं, सुट्या चाकाच्या खळग्यांत व आसनांच्या रुळांवर बॅटरीचा उजेड पाडला. रुळांवर गंज होता. शेवटीं त्यांनीं चालकाचा पट्टा सबंध बाहेर ओढला. रोज लागणारा भाग स्वच्छ. पण एरवीं कधीं बाहेर न येणाऱ्या वीतभर टोंकावर गाळाचा डाग उमटला होता. "ही पंचगंगेची सही," मिस्त्री म्हणाले.

राजाराम बंधाऱ्यापाशीं ४३ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टांत आणि २०२१ च्या जुलैंत पाणी ५० फुटांच्याही पलीकडे गेलें. शाहूपुरी, दुधाळीसारख्या भागांत दारांतल्या गाड्या दारांतच बुडाल्या. गाडी धुतां येते, पण तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा आंतल्या आंत गंज चढवीत राहतो. ऐन घाटांत दिवे जातात आणि अपघातांत हवेची पिशवी फुगेल याचा भरंवसा उरत नाहीं. कागद मात्र चोख होते. हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकांचे नमुने, कर्ज फिटल्याचा ३५ वा, सारें तयार. यांपैकीं एकाही नमुन्यांत पुराचा रकाना नाहीं. तो इतिहास विम्याच्या जुन्या दाव्यांत शोधावा लागतो. पाण्यांत म्हैस आणि बाहेर मोल करूं नये, असें लहानपणापासून ऐकलें होतें. येथें तर म्हैस बाहेर काढून, पुसून, अत्तर लावून उभी केली होती!

रात्रीं पानावर बसल्यावर आम्ही त्या मालकाच्या लबाडीचें वर्णन मोठ्या आवेशानें करीत होतों. अण्णांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "अरे, आपली जुनी गाडी २०२१ सालीं कुठें उभी होती?"

घास हातांतच राहिला. ती आमच्या शाहूपुरींतल्या अंगणांत, आसनांपर्यंत पाण्यांत उभी होती. आम्ही ती धुतली, वाळविली आणि गडहिंग्लजकडच्या एका तरुण शिक्षकास विकली. त्यानें विचारलें नाहीं, आम्ही सांगितलें नाहीं. यांत खोटें तें काय, अशी मनाची समजूतही घातली होती.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्यांस फोन केला. सारें ऐकून ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "दिवे दोनदां गेले. एकदां मुलगी बरोबर होती." रागावले असते तर बरें वाटलें असतें.

त्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च अण्णांनीं ठेवींतून दिला. आमची खरेदी वर्षभर लांबली. आई अद्याप रिक्षानेंच देवळांत जाते, आणि त्याबद्दल तिनें एका शब्दानेंही कुरकुर केलेली नाहीं.

वाचकांपैकीं कोणी जुनी मोटार घेणार असतील, तर त्यांनीं तो पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. आणि विकणार असतील, तर तो आपण होऊन ओढून दाखवावा.