न दिसणारा खेळाडू

मुलांनो, गोल करणारा खेळाडू सर्वांना दिसतो. बचावपटू किती जणांना दिसतो?

एका फुटबॉल अकादमीने निवडीसाठी माझ्या विद्यार्थ्याच्या खेळाची चित्रफीत मागवली. मी मोबाइलवर सामना टिपला. पाहतो तर त्यात तो फारसा नव्हताच! कॅमेरा चेंडूमागे धावत होता. हा मात्र चेंडू येण्याआधीच वाट अडवून उभा होता.

“सर, मी खेळलोच नाही का?” त्याने विचारले. मी खजील झालो.

पुढचा सामना मी गच्चीवरून टिपला. आता त्याचे धावणे, जागा धरणे, हात करून साथीदारांना सावध करणे, सारे दिसले.

२००६ साली जगज्जेत्या इटलीचा कर्णधार कानावारो बचावपटू असूनही ‘बॅलन डी’ऑर’चा मानकरी ठरला.

आता वर्गात हात वर न करणाऱ्यांकडेही मी पाहतो. तुम्हीही पाहा.