माहूरच्या तिसरीच्या वर्गातला एक आठवडा

माहूर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे डोंगर, किल्ला आणि गडावरची देवळे येतात. एस.टी.तून उतरणारे बहुतेक प्रवासी त्याच वाटेने जातात. मी मात्र माहूरला गेलो तो ताईकडे, आणि तिथे पाहिली ती भाचीची जिल्हा परिषदेची शाळा. त्या शाळेतल्या तिसरीच्या वर्गाविषयी चार गोष्टी वाचकांना सांगाव्यात, म्हणून हा लेखनप्रपंच.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलो होतो. परतताना यवतमाळ, आर्णी करीत धनोड्याला आलो. तिथे पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपतो आणि मराठवाडा लागतो. नदीच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे नांदेड. पुढे सागाची झाडे, कपाशीची राने आणि डोंगराची चढण.

ताईच्या घरी पोचलो तर दारात पोते बांधून ठेवलेले दिसले. त्यात भांडी होती, दोन कोयते होते. मुकादमाकडून उचल घेऊन झाली होती. ताई आणि दाजी ऊसतोडीला निघायच्या तयारीत होते. "आणि पोरगी?" मी विचारले. ताई म्हणाली, "नेतो की संगं. कुठं ठेवायची?" मी गप्प बसलो. पण मन गप्प बसेना.

मी स्वतः तिसरीत असताना आईबाबा कालव्याच्या कामावर गेले होते. मीही सोबत गेलो. चार महिन्यांनी परत आलो तेव्हा वर्ग भागाकारापर्यंत पोचला होता. मला काही कळेना, म्हणून मागच्या रांगेत बसू लागलो. पुढे शिकलो खरा. पण तो भागाकार भरून काढायला मला तीन वर्षे लागली. माझ्यासोबत कामावर आलेली दोन पोरे तर शाळेत परत आलीच नाहीत.

आठवडाभर ताईकडे राहिलो. भाची रोज संध्याकाळी वही उघडून दाखवी. शनिवारी तिने मला हाताला धरून शाळेत नेले. वर्गाच्या मागच्या भिंतीवर बाईंनी फळ्याचे दोन भाग केले आहेत. एकावर लिहिले आहे, 'या आठवड्यात शिकलो'. दुसऱ्यावर, 'पुढे करायचे'. पालक आले की बाई आधी त्यांना त्या फळ्यापाशी नेतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्यांचेच मूल वाचून दाखवते.

सोमवारी चार अंकी संख्या झाल्या. बाईंनी कापसाचा भाव घेतला. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा आधारभूत भाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला आहे. 'आठ हजार एकशे दहा' लिहा म्हटल्यावर एका मुलाने ८०००११० असे लिहिले. बाई रागावल्या नाहीत. हसून म्हणाल्या, "एवढा भाव मिळाला तर गावच श्रीमंत होईल!" मग हजार, शतक, दशक, एकक अशी घरे आखून त्यांनी प्रत्येक अंक आपापल्या घरात बसवला.

मंगळवारी वाचन. 'निपुण भारत' ही योजना २०२१ साली सुरू झाली. तिसरीच्या शेवटी मुलाने न पाहिलेला उतारा मिनिटाला किमान साठ शब्द या गतीने, समजून वाचावा आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असे तिचे उद्दिष्ट आहे. मायबापांनी हे माप लक्षात ठेवावे. घरी घड्याळ नसले तरी चालेल. मुलाला एक पान वाचायला लावा आणि विचारा, काय समजले?

बुधवारी जिल्ह्याचा नकाशा होता. नांदेड जिल्ह्याचे सोळा तालुके मुलांनी बोट ठेवून दाखवले. मग बाईंनी विचारले, "नदीपलीकडे कोणाचे आजोळ आहे?" अर्ध्या वर्गाने हात वर केले. बाईंनी सांगितले की, माहूर पूर्वी किनवट तालुक्यात होते आणि तो तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला आणि मराठवाड्याबरोबर द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. "म्हणजे तुमची पणजी घर न सोडता तीन राज्यांत राहिली!" हे ऐकून पोरे खूश झाली. भाचीने घरी येऊन आजीलाच विचारले, "तू कोणत्या राज्यात जन्मलीस?"

गुरुवारी पाने गोळा केली. साग, पळस, मोह. या वर्गात आपली मुले आहेत तशी गोंड, कोलाम, बंजारा घरांतली मुलेही आहेत. झाडांची माहिती सर्वांत जास्त होती ती एका कोलाम मुलाला. एरवी तो बोलत नाही म्हणे. त्या दिवशी बाईंनी त्यालाच गुरुजी केले, आणि त्याच्या बोलीतली झाडांची नावे फळ्यावर लिहून घेतली.

शुक्रवारी पत्रलेखन. भाचीने आपले पत्र वहीत घडी करून ठेवले होते. मला दाखवले, आईला नाही. पत्र दोनच ओळींचे होते. आई, मला आजीजवळ राहू दे, पुढच्या महिन्यात भागाकार आहे.

शनिवारी दप्तर नसते. 'आनंददायी शनिवार' म्हणून गाणी, चित्रे, खेळ होतात. त्या दिवशी ताईही शाळेत आली होती. 'पुढे करायचे' हा भाग भाचीने तिला वाचून दाखवला. पहिली सत्र परीक्षा. दिवाळीनंतर पांडवलेण्यांना भेट. अभ्यासक ती राष्ट्रकूट काळातली मानतात. तिथे मुले दोरीने खांबांचा घेर मोजणार आहेत. ७ नोव्हेंबरला विद्यार्थी दिन. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांनी साताऱ्याच्या सरकारी शाळेत प्रवेश घेतला. तिथल्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा' असे त्यांचे नाव आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो. मग २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका. ती न अडखळता म्हणायची तयारी भाची करीत होती.

ताईने बाईंना विचारले, "आम्ही हिला नेली तर?" बाईंनी नीट समजावले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जाल तिथल्या सरकारी शाळेत वर्षात केव्हाही बसता येते. दाखला नाही म्हणून नाकारता येत नाही. जाताना शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावे. काही ठिकाणी अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालतात, त्याचीही चौकशी करावी. "पण ताई," बाई म्हणाल्या, "फडावर पहाटे चारला उठून पाणी भरणारी पोर शाळेत बसते कुठं? गावात सांभाळणारं माणूस असेल तर ठेवा."

ताई वाटेत काही बोलली नाही. घरी आल्यावर भाचीने ते पत्र स्वतःच आईच्या हातात दिले. ताईला वाचता येत नाही. पोरीनेच वाचून दाखवले. रात्री दाजी म्हणाले, "उचल घेतली, आम्हाला जावंच लागंल. म्हातारीला दिसत कमी. पण पोर राहू दे." आजी म्हणाली, "मला दिसत नाही, तिला तर दिसतं."

त्यात सुख आहे तसे दुःखही आहे. नऊ वर्षांची पोर सहा महिने आईवेगळी राहणार. उचलीची पद्धत आहे तोवर हा प्रश्न घराघरांत येणार. तो एका घराच्या शहाणपणाने सुटायचा नाही. पण तोवर एवढे तरी आपल्या हाती आहे : आजी असेल, मावशी असेल, शेजारीण असेल, तिच्यापाशी मूल ठेवा. वस्तीत अशी चार मुले असतील तर संध्याकाळी विहारात त्यांना एकत्र बसवा. आणि जे शहरात नोकरीला आहेत त्यांनी दर महिन्याला थोडे पैसे पाठवावेत.

मी दर शनिवारी संध्याकाळी फोन करतो. 'जयभीम मामा' म्हणून भाची फळ्याचे दोन्ही भाग मला पाठ म्हणून दाखवते. मागच्या शनिवारी म्हणाली, "मामा, भागाकार सुरू झाला. मला बाकी उरवता येते."