होय / नाही

परिचर्या महाविद्यालयात इंग्रजी शिकविणे हा साहित्याच्या प्राध्यापकाला एक प्रकारचा वनवासच वाटतो. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी हा विषय असतो. विद्यार्थिनींना तो उरकावयाचा असतो आणि, खरे सांगायचे तर, शिकविणाऱ्यालाही. तासिका तत्त्वावर मी अशी काही वर्षे काढली. त्यांतील एका दुपारी मी दिलेला एक सल्ला अजून मनातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे. (जिच्याविषयी लिहिते आहे तिने लेखनास संमती दिली आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.)

२०१२ सालचा पावसाळा. वर्ग सुरू होऊन आठवडा झाला होता आणि विद्यार्थिनींकडून वैद्यकीय तंदुरुस्तीचे कागद गोळा केले जात होते. त्यांत कार्यालयाने स्वतः तयार केलेला एक छापील तक्ता होता. क्षय, दमा, अपस्मार आणि शेवटी : यापूर्वी मानसिक आजार झाला होता काय, त्यासाठी उपचार घेतले होते काय? पुढे दोनच शब्द, होय / नाही. तास संपल्यावर एक मुलगी तो कागद घेऊन थांबली. बारावीच्या वर्षी तिने तीव्र नैराश्यामुळे तीन आठवडे मनोरुग्ण विभागात काढले होते. पुढे दोन वर्षे गोळ्या. मग डॉक्टरांनीच त्या हळूहळू बंद केल्या. त्या विभागात रात्रपाळीच्या एक सिस्टर काही न विचारता, उपदेश न करता, तिच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसत. नर्स व्हायचे तिने तिथे ठरविले.

‘‘मॅडम, हे कसं भरू?’’

‘‘अगं, ‘नाही’वर खूण कर. कोण बघतंय?’’

उत्तर द्यायला मला क्षणही लागला नाही. तिने खूण केली, आभार मानले आणि गेली. मला त्या दिवशी आपण एका मुलीचे भले केले असेच वाटले होते.

अस्वस्थता आली ती पुढच्या आठवड्यात, तीही पाठ्यपुस्तकाच्या वाटेने. फ्लॉरेन्स नाइटिंगेलवरचा धडा होता : क्रिमिया, दिवा, सेवाभाव. साहित्याच्या विद्यार्थ्यांना याच बाईंचा दुसरा चेहरा माहीत असतो. १८५२ मध्ये त्यांनी ‘कॅसँड्रा’ लिहिला. १८६० मध्ये तो खासगीरीत्या छापला गेला आणि १९२८ मध्ये रे स्ट्रेची यांच्या पुस्तकाला जोडून सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. सुखवस्तू घरातील स्त्रीच्या कोंडलेल्या आयुष्यावरचा तो संतप्त निबंध आहे. त्या काळातील त्यांच्या खासगी टिपणांत मरणाची इच्छा डोकावते; आणि दिवास्वप्नांत बुडून जाण्याच्या सवयीविषयी त्या अशा लिहितात, की एखादा व्यसनी माणूस आपल्या व्यसनाविषयी बोलतो आहे असे वाटावे : सोडण्याचा निश्चय, पुन्हा घसरण, पुन्हा धिक्कार. १८५१ मध्ये घरच्यांचा विरोध पत्करून त्या जर्मनीत कायझर्सवर्थ येथे तीन महिने परिचर्येचे शिक्षण घेऊन आल्या. त्यांच्यापुढे आमच्या कार्यालयाचा तक्ता कोणी ठेवला असता तर?

‘नोट्स ऑन नर्सिंग’ (१८५९) लिहिले गेले तेव्हाही त्यांची प्रकृती ठीक नव्हती. १८५७ पासून त्या वारंवार अंथरुणाला खिळत होत्या. त्या पुस्तकात दाराबाहेरच्या कुजबुजीने रुग्णाला होणाऱ्या त्रासावर लिहिले आहे. भेटीला येणाऱ्यांनी दिलेल्या पोकळ दिलाशावर तर एक स्वतंत्र प्रकरणच आहे. हे नुसत्या शुश्रूषेच्या अनुभवातून सुचणारे नव्हे. ‘कोण बघतंय?’ हा माझा प्रश्न त्या पोकळ दिलाशांच्याच जातीचा होता, हे ते प्रकरण पुन्हा वाचताना लक्षात आले.

तिसऱ्या वर्षी त्या मुलीची मनोरुग्ण विभागात नेमणूक झाली. तिथे औषध दिल्यावर रुग्णाने ते गिळले की नाही हे पाहावे लागते. एका रुग्णाने गोळी गालाच्या आत दडविली आहे हे तिने लांबूनच ओळखले. बरोबरच्या शिक्षिकांनी सर्वांदेखत कौतुक केले, ‘‘नजर चांगली आहे तुझी.’’ ती मला फोनवर म्हणाली, ‘‘मॅडम, थँक्यू म्हणाले. पण नजर कुठून आली ते सांगता येईना.’’

प्रश्न सरळ नाही, हेही कबूल केले पाहिजे. भूतकाळ व्यसनाचा असेल तर पेथिडीन आणि मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असावी, हा प्रश्न रुग्णाच्या जिवाशी निगडित असतो. त्याला उत्तर आहे, पण ते ‘होय / नाही’त मावत नाही : उपचार, देखरेख, काही काळ किल्लीपासून दूर ठेवणे, मग पुन्हा काम. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात परिचारिकांसाठी अशी व्यवस्था १९८३ पासून आहे. आपल्याकडे पुण्याच्या ‘मुक्तांगण’मध्ये (स्थापना १९८६) व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्या रुग्णांसोबत काम करतात, भूतकाळ तिथे पात्रतेचा भाग ठरतो. तोच भूतकाळ परिचर्येच्या प्रवेशद्वारी मात्र लपवावा लागतो.

त्यानंतर कायदे बदलले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दीर्घकालीन मानसिक आजाराचा दिव्यांगत्वातील समावेश कायम ठेवला आणि सरकारी नोकरीतील भेदभावाला मनाई केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांविषयीच्या गोपनीयतेचा हक्क दिला. पण गोपनीयता हा रुग्णाचा हक्क झाला म्हणून ती त्याच्यावरची सक्ती ठरत नाही. बोलण्याची आणि न बोलण्याची मुभा एकाच माणसाच्या हाती हवी. मी त्या दुपारी तिच्या वतीने परस्पर निवड करून टाकली होती.

ती आता एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. मागच्या महिन्यात दुसरीकडे मनोरुग्ण विभागातील जागेसाठी तिने अर्ज केला, तेव्हा पुन्हा तसाच तक्ता आला. या वेळी ‘होय’पुढे तपशिलासाठी इंग्रजीत दोन ओळींची जागा होती.

‘‘मॅडम, आता विचारत नाहीये, नुसतं वाचून दाखवते,’’ असे म्हणून तिने ते दोन्ही ओळींत मावेल इतके बारीक अक्षरांत लिहिलेले वाचले. आजाराचे वर्ष होते, उपचाराचा काळ होता, आणि या विभागातच काम का करावयाचे आहे हे एका वाक्यात होते. त्या वाक्यात एक क्रियापद चुकले होते. तेवढेच मी सांगितले.