मागचे शॉकप

शॉकप गेले हे ड्रायव्हरला सगळ्यात शेवटी कळतं. आधी कळतं ते मागं हौद्यात बसलेल्या बायांना. पुढं गादी असते. मागं पत्रा असतो. पत्रा खोटं बोलत नाही.

आमची पिकअप जुनी. चुलत्यानं कर्ज काढून दुसऱ्याकडून घेतली, हप्ते अजून चालूच आहेत. लिलावाच्या दिवशी घोडेगावला कांदा नेती. बाकीच्या दिवशी सकाळी सोनईतनं बाया घ्यायच्या, खुरपणीला, कांदा लावणीला कुणाच्या तरी बांधावर सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. मालाची गाडी मालासाठी, माणसं भरायला नाही, असं कायदा सांगतो आणि बरोबरच सांगतो. पण एस.टी. बांधावर जात नाही. बाई उशिरा पोचली तर तिचा रोज कापला जातो. म्हणून बाया चढतात. एकट्या सोनईत नाही, साऱ्या जिल्ह्यात चढतात.

गेल्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याची चाळण झाली. एक मावशी उतरता उतरता म्हणाली, "आरं बाबा, खुरपायच्या आधीच कंबर मोडती तुझी गाडी. निम्मं काम हितंच व्हतंय." एकीला पाचवा महिना होता. ती खाली बसायचीच नाही, कठड्याला धरून उभी राहायची. बसलं की धक्का सरळ पोटात जातो म्हणायची. चुलता म्हणाला, "कांद्याची गाडी हाय ती. पाटं कडकच असणार."

चुलत्याचं म्हणणं निम्मं खरं होतं. म्हणून आधी यंत्र समजून घेऊ. आपल्यातले कार्यकर्ते व्यवस्था समजावून सांगतात, पण गाडीखाली वाकत नाहीत.

शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे धक्का पिणारा. हे नाव फसवं आहे. धक्का झेलतात ते कमानपाटे. खड्डा आला की पाटा वाकतो, जोर साठवतो आणि तोच जोर परत फेकतो. मग पुन्हा वाकतो, पुन्हा फेकतो. हे झोके थांबवायचं काम शॉकपचं. नळीत तेल असतं, तेलात दांड्याला बसवलेला दट्ट्या, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा. चाक वरखाली झालं की तेलाला त्या बारीक वाटेनं जावं लागतं. जोर तेलात जिरतो, त्याची उष्णता होते. म्हणून खराब रस्त्यावरनं आलेल्या गाडीचा चांगला शॉकप हाताला गरम लागतो. सील फाटलं, तेल गळून गेलं, की आत राहतो नुसता दांडा. मग पाटा फेकतो आणि फेकतच राहतो.

आता हिशोब बघा. पाटे केलेले दीड टन मालाच्या अंदाजानं. कांदा भरला की ते वाकतात, गाडी डुलत का होईना, नीट चालते. पंधरा बाया म्हणजे साडेसातशे किलो धरा. पाट्याला हे ओझंच वाटत नाही. तो ताठ राहतो, चाक उसळतं, आणि उसळी थांबवणारा शॉकप मेलेला. म्हणजे कांदा सुखानं जातो, बाई हाडं मोजत जाते. वर काही गाडीवाले जास्त माल भरायला एकेक पाटा वाढवून घेतात. मालाची सोय झाली, माणसाचं मरण.

यात नुसती कंबर जात नाही. उसळलेलं चाक जमिनीला टेकलेलं नसतं. हवेतल्या चाकाला ब्रेक लावून गाडी काय थांबणार? टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखे झिजतात. वळणावर, खडीवर मागची बाजू सरकते. मोटारगाडीचा कोपरा दाबून सोडायचा आणि ती किती झोके खाते ते बघायचं, ही परीक्षा सगळ्यांना ठाऊक आहे. रिकाम्या पिकअपला ती लागू पडत नाही, कारण पाटाच दबत नाही. तिथं खाली वाकून बघायचं. नळी तेलानं ओली, वर धूळ चिकटून काळा थर, टोकाचे रबर फाटलेले. आमच्या दोन्ही नळ्या तशाच होत्या.

हे मला कुठून कळलं? मी एका गॅरेजात सात महिने होतो. रॉकेलमध्ये पार्ट धुवायचे, टायर उचलायचे, झाडायचं. पाना हातात द्यायची वेळ आली की मालकाला माझं आडनाव आठवायचं. माझ्या मागनं आलेलं पोरगं दोन महिन्यांत इंजिनाला हात लावत होतं. मी बघत राहिलो. बघायला कुणी बंदी केली नव्हती.

आडनाव बघून काम द्यायची रीत किती लांब जाते ते सोनईवाल्यांना सांगायला नको. १ जानेवारी २०१३ ला मेहतर समाजाच्या तीन तरुणांना इथंच मारलं. त्यांना बोलावलं होतं ते संडासाच्या टाकीच्या कामाला. त्या कामाला त्यांनाच बोलावणार, याचं कुणाला नवल वाटलं नाही.

बाबासाहेबांनी "वेटिंग फॉर अ व्हिसा" मध्ये चाळीसगावची हकिगत लिहिली आहे. साल १९२९. मुंबई सरकारनं अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला नेमलेल्या समितीचे ते सभासद. स्टेशनावर उतरले. वस्तीतल्या लोकांनी टांगा ठरवला, पण एकही टांगेवाला महाराला बसवून हाकायला तयार नव्हता. शेवटी टांगा भाड्यानं मिळाला, हाकणारा मिळाला नाही. पाहुण्याला चालवत न्यायचं हे लोकांच्या मानाला पटेना. ज्यानं कधी टांगा हाकला नव्हता अशा आपल्याच माणसानं लगाम धरला. मोरीवर चाक दगडात अडकलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत. पायाचं हाड मोडलं.

आपण हा प्रसंग टांगेवाल्यांची नीचता म्हणून सांगतो. ती होतीच. पण त्यात दुसरीही गोष्ट आहे. मान होता, जिद्द होती, पैसे होते. नव्हती ती लगामाची सवय. त्या माणसाला दोष देऊ नका. त्याच्या हातात आधी लगाम कुणी येऊ दिला होता? जात माणसाला कामावरनं हाकलते, आणि मग म्हणते, ह्यांना काम येत नाही.

१९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला निवेदन दिलं. त्यात नोकऱ्या आणि शिष्यवृत्त्या तर आहेतच. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या पोरांना उमेदवार म्हणून घेऊन तांत्रिक काम शिकवावं, असंही आहे. छापखाना आणि वर्कशॉप. लेखणी आणि पाना. आपण यातलं पहिलं उचललं, चांगलं केलं. दुसरं राहिलं.

तर शॉकप. नवी जोडी आणली. एकच बदलू नये. एक बाजू धरते आणि दुसरी सोडते, मग गाडी तिरकी वागते. आदल्या रात्री नटांवर डिझेल टाकून ठेवलं. रविवारी सकाळी वस्तीतच, लिंबाखाली गाडी घेतली. पुढच्या चाकांना दोन्हीकडनं दगड लावले. जॅक लावलाच नाही. कमानपाट्याच्या गाडीला शॉकप वजन धरत नाही, त्यामुळं चाकं जमिनीवर ठेवून एकेक बाजू काढता येते. नुसत्या जॅकवर टांगलेल्या गाडीखाली कधीच शिरू नका.

तारेच्या ब्रशानं आटे साफ केले. आमच्या गाडीला शॉकपचं वरचं टोक चासीला, खालचं पाट्याखालच्या प्लेटीला. तीन नट सुटले. चौथा गंजून एकजीव झालेला. तिथं गॅसकटर लावायचा नाही. बंद नळीतलं तेल तापलं तर ती फुटते. ग्राइंडरनं नट कापला. जुना शॉकप हातात घेऊन दाबला, तर सायकलच्या पंपासारखा खाली गेला. पोरं आळीपाळीनं दाबून बघत होती. ती मावशी आली, म्हणाली, "ह्यात त्याल असतं व्हय? मला वाटलं स्प्रिंगच आसंल." तिनं नवा दाबून बघितला. दोन्ही हातांनी, सगळा जोर लावून. "ह्यो लई हट्टी हाय," म्हणाली.

नवा शॉकप दुकानात आडवा पडलेला असतो, आत हवा शिरते. तेलाचा असेल तर उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढायचा, पूर्ण दाबायचा, मगच बसवायचा. त्याचा चकचकीत दांडा पकडीत धरायचा नाही. ओरखडा पडला की सील कापलं जातं. रबर नवे घालायचे. नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावून बघायचा. जुनं तेल ओढ्यात, विहिरीजवळ ओतायचं नाही.

दुपारपर्यंत काम झालं. चाचणीला चुलता स्टेअरिंगवर आणि आम्ही मागं. खड्डा आला, धक्का बसला. खोटं कशाला सांगू, पाटे कडकच आहेत. पण धक्का एकदाच बसला. दुसरा, तिसरा, चौथा आला नाही. चुलत्याला मी म्हटलं, आता स्टेअरिंग मला दे आणि तू मागं बस. तो बसला. परत आल्यावर त्यानं स्वतःच हौद्यात टाकायला कांद्याच्या रिकाम्या गोण्या काढल्या.

यानं सुटलं असं मी म्हणत नाही. बायांना बसायला सीट असलेली गाडी पाहिजे, आणि तिचं भाडं त्यांच्या रोजातनं कापलं जाता कामा नये. ती मागणी वेगळी आहे, मोर्चाची आहे, ती करूच. पण मागण्या मंजूर होईपर्यंत बाया रोज सकाळी चढणारच. तोवर मधल्या सकाळींचं काय, याचं उत्तर पान्याजवळ असतं.

पुढच्या महिन्यात मागच्या ब्रेकचे लायनर बघायचेत. ज्यांना शिकायचंय त्यांनी जुने कपडे घालून यावं. पोरींनीही यावं. आडनाव विचारलं जाणार नाही.