दाब उतरला म्हणून

रक्तदाब हा शब्द आज घरोघरीं झाला आहे. त्यावरील औषधांचें व्यवहारज्ञान मात्र तितकें घरोघरीं पोंचलेलें नाहीं. गेल्या आषाढांत मंडईंत आमचे एक शेजारी भेटले. मुद्रा प्रसन्न होती. म्हणाले, “मास्तर, दाब अगदीं उतरला. कालपासून ती बीटाची गोळी सोडली. आतां सर्पगंधा घेणार, आपलीच वनस्पति!”

सर्पगंधेचा अभिमान अस्थानीं नाहीं. मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं ५० रोग्यांवरील तिचा अनुभव १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला व पाश्चात्त्य वैद्यांचें लक्ष तिजकडे वेधलें. परंतु तिनें मनास विषण्णता येते अशी शंका पुढें आली, आणि नवीं औषधें निघालीं तशी ती मागें पडली.

वैद्यक हा माझा विषय नव्हे. डॉक्टर असलेल्या भाच्यानें समजाविलें तें सांगतों. भय किंवा श्रम यांच्या वेळीं ॲड्रिनॅलिनसारखीं द्रव्यें शरीरांत पाझरतात. तीं जेथें जाऊन बसतात त्या आसनांस अमेरिकन शास्त्रज्ञ आल्क्विस्ट यांनीं १९४८ सालीं आल्फा व बीटा अशीं नांवें दिलीं. रक्तवाहिन्यांतील आल्फा आसनें औषधानें अडवलीं कीं वाहिन्या सैल पडतात. म्हणून त्या गोळीनंतर एकदम उठल्यास घेरी येते. हृदयांतील बीटा आसनें अडवलीं कीं नाडी मंदावते. दमेकऱ्यास मात्र ही गोळी बाधूं शकते. आज केवळ रक्तदाबासाठीं या दोहोंस सहसा अग्रपूजेचा मान नसतो; हृदयविकाराची जोड असेल तेथें बीटाचें महत्त्व मोठें.

आतां मर्म. आसनें दीर्घकाळ अडलेलीं पाहून शरीर आणखी आसनें मांडून ठेवतें. बीटाची गोळी एकाएकीं सोडली, कीं तीं सारीं एकदम मोकळीं होतात. हृदय धांवूं लागतें, दाब उसळतो, प्रसंगीं प्राणावर बेततें. हें मीं भाजीची पिशवी खालीं ठेवून तेथेंच त्यांस सांगितलें. ते नुसते हंसले. चौथ्या दिवशीं पहांटे त्यांच्या छातींत कळ आली व रुग्णालय गांठावें लागलें. सुदैवानें ते बचावले.

उतरलेला दाब हा गोळीचा गुण; रोगाची निवृत्ति नव्हे. गोळी नकोशी झाली तर डॉक्टरांस विचारावें; ते मात्रा हळूहळू उतरवितात. आणि घरांतील तरुण मंडळींनीं वडीलधाऱ्यांची औषधाची डबी आठवड्यांतून एकदां उघडून पाहावी. एकत्र कुटुंबांत एवढें कठीण नाहीं.